किंमत आत्याआजीच सांगतील

"किंमत काय सांगायची आता," म्हातारा ग्यूतेक म्हणाला. "घर समोर उभं हाय. दिसतंय की तुम्हाला."

हे वाक्य तो तिसऱ्यांदा म्हणत होता, आणि दर वेळी आधीपेक्षा सावकाश. चुंगचोंग प्रांतातल्या माणसाला घाई केली की तो आणखी संथ होतो, हे ह्येरानला सोलमध्ये सगळ्यांनी बजावलं होतं. तो किंमत मुळी सांगतच नाही, हे मात्र कुणी बोललं नव्हतं. इकडच्या रीतीप्रमाणे आपल्या मालाची किंमत आपल्या तोंडाने सांगणं म्हणजे व्याह्यांसमोर आपल्याच मुलीच्या रूपाचं वर्णन करणं. आकडा घेणाऱ्याने बोलायचा. पुरेसा असला तर विकणारा गप्प बसतो. कमी असला तर तो त्या मालाचं दुसरं काय करणार आहे, ते सांगतो.

"पाच कोटी वॉन," ह्येरान म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या." ग्यूतेकच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती. "कोंबड्या पाळंन म्हणतो त्यात."

"सहा."

"कोंबड्यांनाबी ऐसपैस लागतं हो."

तेवढ्यात अंगणाच्या टोकाकडून ह्येरानच्या नवऱ्याची हाक आली. "अगं, इकडं ये, इकडं! पर्सिमनच्या फांद्या बघ, फळांनी जमिनीला टेकल्यात! आपल्या दारात असं झाड!"

'आपल्या दारात' हे शब्द ऐकून ग्यूतेकने मान खाली घातली आणि सभ्यपणे हसू गिळलं. दूमान हा तसा गुणी नवरा होता. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून त्याला प्रत्येक गोष्टीत सौंदर्य दिसायला लागलं होतं, आणि ते दिसल्याबरोबर बोलून दाखवायची खोड होती. घासाघीस करायला त्याला बरोबर नेणं म्हणजे जुगाराला आरसा पाठीशी टांगून बसणं. पण गाडी तोच चालवत असे.

ह्येरानचा स्वतःचा धंदा नेमका उलटा होता. विमा कंपनीत नुकसान ठरवायचं काम तिने सबंध उमेदीत केलं होतं. जळालेल्या खानावळी, पाणी भरलेली तळघरं, ट्रकखाली गेलेल्या पानकोबीच्या गाड्या. लोकांच्या दुःखाला ती फूटपट्टी लावत असे, आणि फूटपट्टी कंपनीची असे. कुठलीही मोडकी वस्तू कितीची, हे तिला वासावरून कळतं, असं कचेरीत म्हणत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हेच वाक्य म्हटलं आणि तिला एक घड्याळ दिलं. त्या घड्याळाची किंमत तिने हातात घेताक्षणीच ओळखली, आणि साहेबांविषयीचं तिचं मत पक्कं झालं.

आता प्रश्न तिच्या स्वतःच्या पैशांचा होता. सोलमधल्या घराची, तिथल्या रीतीने भाड्याऐवजी ठेवलेली भलीमोठी अनामत परत मिळाली, त्यातली मोठी रक्कम मुलाच्या लग्नाने नेली, आणि उरले नऊ कोटी. त्यातूनच घर घ्यायचं आणि राहील ते दोघांनी मरेपर्यंत पुरवायचं. घरापायी पन्नास लाख जास्त गेले म्हणजे म्हातारपणातले पाच महिने गेले. हा हिशेब तिने दूमानला दोनदा समजावला होता. दूमान म्हणाला होता, "आपण तितकं कुठं जगतो!" आणि त्यावर ती दिवसभर बोलली नव्हती.

शिवाय पार्क बाईंचं उदाहरण डोळ्यांपुढे होतं. कचेरीतल्या या पार्क बाईंनी कांगवोनच्या डोंगरात घर घेतलं आणि दुप्पट मोजले. पैसे गेले ते गेलेच, पण गावाला ते ठाऊक होतं. वाण्याच्या दुकानात लोक त्यांना 'दुपटीच्या बाई' म्हणत, आणि मुळ्याचा भावही त्याच हिशेबाने सांगत. ह्येरानने ठरवलं होतं, आपण एक वॉन जास्त द्यायचा नाही. जे योग्य असेल ते द्यायचं, आणि योग्य काय ते आपणच शोधून काढायचं.

शोधणं सोपं नव्हतं. सरकारी नोंदींत बामगोगे गावातली शेवटची विक्री नऊ वर्षांपूर्वीची निघाली. थोरल्या भावाने धाकट्याला घर विकलं होतं आणि किंमत जुन्या ट्रॅक्टरएवढी होती. चौकशी केली तेव्हा कळलं की व्यवहारात ट्रॅक्टरही होता. तालुक्याच्या दलालाने ह्येरानचे बूट पाहिले आणि बारा कोटी म्हणाला. "वा, सोलच्या मानानं स्वस्तच की," असं दूमान म्हणताच तो तेरा म्हणाला.

म्हणून ती थेट घरमालकाकडे आली होती, आणि घरमालक कोंबड्यांचं बोलत होता.

गावचा सरपंच हाक्सू एव्हाना येऊन ओसरीच्या कडेला टेकला होता. पन्नाशीचा, टोपीखाली सदा घाम असलेला माणूस. पलीकडच्या गडग्यावर तीन म्हाताऱ्या वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेंगा संपल्या होत्या, सोलणं चालू होतं.

"सरपंच, तुम्ही तरी सांगा," ह्येरान म्हणाली. "या घराची गावात काय किंमत धरतात?"

"ती सगळ्यांना ठाऊक हाय."

"मग बोला ना."

"मी कसा बोलू? घर माझं हाय का?"

"ज्यांचं आहे ते बोलत नाहीत."

"ते कसे बोलतील? त्यांचं हाय ना."

ह्येरानने दीर्घ श्वास घेतला. तिच्या हातात एक हुकमाचं पान होतं, आणि ते तिने शेवटासाठी राखून ठेवलं होतं. फोनवरची सगळी बोलणी दूमानने केली होती, 'कू दूमान' म्हणून. तिचं स्वतःचं, लग्नानंतरही न बदललेलं आडनाव अजून कुणी विचारलं नव्हतं. आणि बामगोगेतला प्रत्येक पुरुष, सरपंचापासून गडग्यावरच्या म्हाताऱ्यांच्या नवऱ्यांपर्यंत, एकाच आडनावाचा होता. ते आडनाव देशात फारसं आढळत नाही. जिथं आढळतं तिथं माणसं एकाच मूळ पुरुषाची असतात.

"ग्यूतेकसाहेब," ती सहज म्हणावं तशी म्हणाली, "मीही मेंगच आहे."

 दूमानने झाडाखालून मान वळवली.

"मेंग?" ग्यूतेक म्हणाला. "माहेरच्या मेंग?"

"मग काय! आपलं रक्त एकच."

तिची अटकळ अशी होती की आता म्हाताऱ्याचं मन विरघळेल, 'अरे, म्हणजे घरचीच पोर की' असं काहीतरी होईल, आणि घरच्या पोरीला गाव घरचा भाव देईल. नात्यावर सूट मागणं यात तिला कमीपणा वाटत नव्हता. सोलमध्ये लोक शाळेच्या ओळखीवर मोटारी स्वस्तात घेतात. इथं तर पूर्वज एक होते.

"वडलांचं नाव?" ग्यूतेकने विचारलं.

तिने सांगितलं. मेंग घराण्यात एका पिढीच्या सगळ्या मुलग्यांच्या नावात एक अक्षर सारखं असतं. त्यामुळे वडलांचं नाव सांगितलं की माणूस शिडीच्या कुठल्या पायरीवर उभा आहे ते कळतं. ग्यूतेक बोटांवर मोजायला लागला. मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्या बोटावर आला, सरपंचाकडे पाहिलं. सरपंचही मोजत होता. दोघांचं उत्तर बहुधा एकाच वेळी आलं, कारण सरपंचाने टोपी काढली, आणि ग्यूतेक ओसरीवरून नुसत्या मोज्यांनिशी अंगणात उतरला. त्र्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा दोन्ही हात पुढे टेकवून सत्तावन्न वर्षांच्या ह्येरानसमोर वाकला.

"आत्याआजी," तो म्हणाला. "ओळखलं नाही. माफी असावी."

"अहो, हे काय! उठा!"

"तुम्ही आमच्या आज्याच्या पिढीतल्या," सरपंच टोपी छातीशी धरून म्हणाला. "धाकट्या शाखेत पिढ्या सावकाश सरकतात, आत्याआजी. तुमचे खापरपणजोबा म्हातारपणी झालेले असणार. आमच्याकडे सगळे चटाचट बाप झाले."

"म्हणजे मी आजोबा का?" दूमानने उत्साहाने विचारलं.

"तुम्ही जावई. तुम्ही बसा," सरपंच म्हणाला.

गडग्यावर कुजबुज झाली. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "केस काळे केलेत बघ. आजी असून." दुसरी म्हणाली, "रंग चांगला बसलाय पण."

ह्येरान सावरून बसली. काम अपेक्षेपेक्षा जास्तच झालं होतं. "बरं," ती म्हणाली, "आता तर घरचीच निघाले. आता किंमत सांगायला हरकत नाही."

ग्यूतेकने तिच्याकडे असं पाहिलं की तिने जणू त्याला भर अंगणात नाचायला सांगितलं होतं.

"आत्याआजींपुढं तोंड वर करून पैसं मागू? वाडवडील मागच्या टेकडीवर झोपलेत, उठून बसतील. किंमत आत्याआजीच सांगतील. पाच म्हणा. चार म्हणा. मी हां म्हणंन."

"आणि कोंबड्या?"

"आत्याआजींच्या शब्दापुढं कोंबड्यांचं काय!"

"चार म्हण," दूमान तिच्या कानात पुटपुटला. "चार म्हण, चार."

ह्येरानने तोंड उघडलं. 'चार' हा शब्द जिभेवर आलाही होता. समोर ग्यूतेक मान खाली घालून उभा होता. त्याचे गुडघे गेले होते, देजॉनला मुलीकडे जायचं होतं, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घ्यायची होती. ते सगळं या एका शब्दातून निघायचं होतं. गडग्यावर सोलणं थांबलं होतं. ह्येरानने तोंड मिटलं.

"नीट बघून सांगते," ती म्हणाली.

*

परतीच्या वाटेवर दूमान गाडी चालवताना गुणगुणत होता. "लॉटरी लागली लॉटरी! चार कोटींत घर, झाड, आणि वर त्र्याहत्तर वर्षांचा नातू."

"गाणं बंद करा."

"आता काय झालं? तुला हवं होतं ना कमी भावात?"

"मला योग्य भावात हवं होतं. योग्य भाव कसा निघतो, माहीत आहे? दुकान जळालेला माणूस शंभर म्हणतो. मी चाळीस म्हणते. तो रडतो, मी कागद काढते, तो मेहुण्याला आणतो, मी साहेबांना फोन लावते. संध्याकाळी आकडा सत्तरच्या आसपास येऊन बसतो. दोन्हीकडून ओढलं म्हणून दोर ताठ राहतो. आज त्या म्हाताऱ्यानं दोर सोडून दिला. आणि मी पाठीवर पडले."

"मग मधलं सांग. सहा."

"मधलं कशाच्या? चार चूक, आठ चूक, म्हणून सहा बरोबर? दोन चुकांच्या मध्ये बरोबर राहतं असं कुणी सांगितलं?"

दूमानने पुढचा ट्रक मागे टाकला. मग म्हणाला, "चार दिले तर तो हां म्हणेल. तोच म्हणाला."

"तो हां म्हणेल. आणि मग आपण तिथंच राहायचं, त्या तीन बायकांसमोर, तीस वर्षं. पार्क बाई दुपटीच्या बाई झाल्या. मी निमपटीची आजी होईन. आणि आठ दिले तर आपण खाणार काय, पर्सिमन?"

"वाळवून छान लागतात," दूमान म्हणाला.

*

पुढच्या आठवड्यात ती एकटी बसने आली. पायात कामाचे बूट, हातात टॉर्च, खांद्याच्या पिशवीत भिंतीची ओल मोजायचं यंत्र, फूटपट्टी आणि एक काचेची गोटी. समोरचा माणूस ओढत नसेल तर दोन्ही बाजूंनी आपणच ओढायचं, असं तिने ठरवलं होतं. आधी घर घेणारी म्हणून बघायचं, मग विकणारा म्हणून, आणि कुठल्याच बाजूला लाड करायचे नाहीत.

गोटी तिने बैठकीच्या जमिनीवर ठेवली. ती जरा विचार करून दाराकडे निघाली आणि दाराला लागून थांबली. ह्येरानने आकडा लिहिला. ती माळ्यावर चढली, तिथून शिंकत उतरली. भिंतीला यंत्र लावलं, न्हाणीघराच्या फरशा बोटांनी ठोकल्या. ग्यूतेक एक लाकडी पाट आणि जवाच्या चहाची किटली घेऊन तिच्या मागोमाग फिरत होता. ती थांबेल तिथं पाट मांडायचा, चहा ओतायचा, आणि गप्प. वडीलधाऱ्यांशी खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलून आपल्याच घराला नावं ठेवायची तर जीव होत नाही, अशा पेचात तो होता.

"छप्पर गळतं?" तिने विचारलं.

ग्यूतेकने बराच विचार केला. "पाऊस आला तर," तो म्हणाला.

पण भिंती जाड होत्या, तुळया सरळ होत्या, आणि विहिरीला चैत्रातही पाणी असतं हे त्याने न सांगता तिनेच दगडांवरच्या खुणा पाहून ओळखलं. तेही तिने लिहिलं. दुपारपर्यंत जमिनीसकट आकडा सात कोटी चाळीस लाखांवर येऊन उभा राहिला. तिला तो आवडला नाही, पण खोटाही वाटला नाही. तरी एक गोष्ट खटकत होती. विकायला काढून तीन वर्षं झाली, तरी असं घर विकलं का गेलं नाही? गाव मेंगांनी भरलंय, त्यांच्या मुलांची लग्नं होतात, कुणालाच घर नको होतं?

ती परसदारी गेली. मागचं दार थेट टेकडीकडे उघडत होतं, आणि दारापासून पायवाट वर जात होती. वर हिरवळीचे गोल उंचवटे ओळीने बसले होते. पूर्वजांच्या समाध्या. गवत न्हाव्याने कापल्यासारखं बारीक होतं, फक्त कडेच्या पट्ट्यात थोडं वाढलेलं राहिलं होतं. नुकसान ठरवताना तिला एक प्रश्न नेहमी उपयोगी पडत असे. तोच तिने विचारला.

"हे दर वर्षी कोण करतं?"

ग्यूतेकने पाट मांडला. चहा ओतला. किटली खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"ग्यूतेकसाहेब, मी आत्याआजी ना?"

"जो या घरात राहतो तो," ग्यूतेक खालच्या आवाजात म्हणाला. "पाऊसपाण्याच्या दिवसांत दोनदा गवत. वाट झाडायची. शरदात पूजेला सगळे मेंग जमतात, चाळीसेक पानं. ती इथंच उठतात. लिहिलेलं कुठं नाही. आमच्या आज्यापासून चालत आलंय."

म्हणजे असं होतं! गावातल्या प्रत्येक मेंगाला हे ठाऊक होतं, म्हणून गावातला एकही मेंग हे घर घेत नव्हता. 'किंमत सगळ्यांना ठाऊक हाय' याचा अर्थ हा होता. सोलच्या माणसाला सात चाळीसला विकलं गेलं असतं, आणि पहिल्या पावसानंतर सरपंच विळा घेऊन दाराशी आला असता.

ह्येरानला आपलं जुनं काम किती आवडायचं ते आठवलं. माणसं लावून गवत, चाळीस पानांचा स्वयंपाक, पुढची वीस वर्षं. तिने पाटावर बसून वजाबाकी केली. सहा कोटी. हा आकडा तिने स्वतः खणून काढला होता, त्यात कुणाची मेहेरबानी नव्हती. तिने सरपंचाला बोलवायला सांगितलं. सरपंच आला, आणि कुणी न बोलावता गडग्यावरच्या तिघी आल्या.

"सहा कोटी," तिने जाहीर केलं. "सातवर चाळीस लाख घराचे होतात. त्यातून गवताचे आणि पंगतीचे वजा."

 ग्यूतेक हां म्हणायला तोंड उघडत होता. पण सरपंच हसायला लागला.

"आत्याआजी, तुमच्या हातात आम्ही विळा देऊ व्हय? आजीला गवत कापायला लावलं तर आमचं नाक राहील का? तुम्ही राहायला या. गवत आम्ही कापू. आणि पूजेला तुम्ही पहिल्या पाटावर बसायचं, चूल सुना बघतील."

"सुना म्हणजे आम्ही," गडग्यावरची एक म्हातारी दुसरीला म्हणाली.

ह्येरानच्या हातातला कागद तसाच राहिला. तिने काढलेलं ओझं खरं होतं, पण तिच्यापुरतं ते खोटं होतं. दुसऱ्या कुणाला घर सहाचं, तिला सात चाळीसचं. सहा म्हणून वर पाटावर बसली तर ती म्हाताऱ्याचे एक कोटी चाळीस लाख खात होती. सात चाळीस दिले तर आयुष्यभर आत्याआजी होऊन राहायचं, ज्या रानातलं गवत कुणी दुसरा कापतो त्या रानाकडे तोंड करून चहा प्यायचा, आणि त्या मानाचे चौदा महिन्यांचे पैसे मोजायचे. तिला मान नको होता. तिला घर हवं होतं.

"विळा कुठं आहे?" तिने विचारलं.

"कशाला?"

"कुठं आहे?"

विळा मागच्या दाराशीच खोचलेला होता. तिने तो घेतला आणि पायवाटेने वर निघाली. मागून सरपंच "आत्याआजी, आत्याआजी" करत धावला, त्याच्या मागून ग्यूतेक एका गुडघ्यावर भार देत, आणि त्याच्या मागून तिघी, कारण असं काही बामगोगेत पूर्वी घडलं नव्हतं.

पहिल्या समाधीपुढे ह्येरान रीतीप्रमाणे वाकली. मग कडेच्या वाढलेल्या पट्टीत उकिडवी बसली, गवताची मूठ धरली आणि विळा ओढला. मूठ अर्धी कापली, अर्धी मुळासकट उपटून आली. तिने दुसरी मूठ धरली. विमा कंपनीत गवत कापायचा प्रसंग येत नाही. तिच्यामागे जी पट्टी तयार होत होती ती उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. सरपंच हात जोडून उभा होता. "अहो, गावाची शोभा होते हो. उठा हो."

ती उठली नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. तिने आणखी एक मूठ धरली.

ग्यूतेक बघत होता. पन्नास वर्षं त्याने ही टेकडी कापली होती. आधी त्याच्या ओठांचा चाळा सुरू झाला, मग हाताचा. ह्येरानने विळा उभा मारला, गवताबरोबर समाधीच्या कडेची माती ढासळली, आणि मग त्याला सहन झालं नाही.

"अगं, उभा नको!" तो ओरडला. "आडवा! आडवा धर! भिंत पोखरतेस काय?"

 सरपंचाने डोळे मिटले. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला.

ह्येरानने विळा आडवा धरला. गवत एका ओढीत स्वच्छ कापलं गेलं. तिने वळून पाहिलं.

"आत्याआजीला कुणी 'अगं' म्हणतं का?"

"नाही," ग्यूतेक म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"गवत कापणारी आत्याआजी कुणी पाहिलीय?"

"नाही."

"मग आता मी कोण?"

हा प्रश्न कुळाचाराचा होता, म्हणून सगळ्यांनी सरपंचाकडे पाहिलं. सरपंचाने टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "घर घ्यायला आलेली बाई," तो शेवटी म्हणाला.

"झालं तर. पूजेला आत्याआजी म्हणा, एक दिवस. बाकी वर्षभर गवत मी कापणार, पंगत मी उठवणार, जशी या घरातल्या माणसाने उठवायची तशी. आणि त्या माणसाचाच भाव मी देणार. घर घ्यायला आलेली बाई किंमत विचारतेय, ग्यूतेकसाहेब. बोला."

ग्यूतेकने टेकडीकडे पाहिलं, खाली छपराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून कधी कुठल्या वस्तूची किंमत निघाली नव्हती. बैल विकला तेव्हाही नाही. 

"साडेसात," तो म्हणाला.

"साडेसात!" ह्येरान विळ्यासकट उठली. तिच्या अंगात जोर आला होता. "छप्पर बघितलंय का कधी खालून? आकाश दिसतं!"

"आकाश दिसतं म्हणून तर उजेड असतो! इजेचं बिल किती येतं विचार!"

"गोटी ठेवली तर घराबाहेर जाते!"

"घरात गोट्या खेळायच्यात का या वयात?"

"सहा!"

"सहात विहीर सोडून घे. विहीर मी घेऊन जातो देजॉनला!"

सरपंच या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. गडग्यावरच्या तिघी समाधीच्या कडेला बसकण मारून बसल्या. त्यांतली एक म्हणाली, "ह्याला एवढं बोलता येतं? लग्नापासनं ऐकलं नव्हतं." तेव्हा कुठे ह्येरानला कळलं की ही ग्यूतेकची बायको आहे.

घासाघीस टेकडीवर सुरू झाली आणि परसदारी उतरली. ग्यूतेकने तुळया मांडल्या, ह्येरानने न्हाणीघराच्या फरशा मांडल्या. त्याने दोनदा पाठ फिरवली, तिने एकदा पिशवी खांद्याला लावून बसस्टॉपपर्यंत जाऊन दाखवलं. सहा सत्तरच्या आसपास गाडी अडली. तो ऐंशी म्हणत होता, ती साठ. शेवटी दोघंही ओसरीच्या दोन टोकांना बसले, तोंडं फुगवून, आणि कुणीच हलेना. सरपंचाने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सत्तर. दोघंबी नाराज दिसताय, म्हणजे झालं असणार."

ह्येरानने मनातल्या मनात पुन्हा एकदा ओढून पाहिलं, घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून. दोर ताठ होता. दहा लाख जास्त गेल्यासारखे वाटत होते. समोरच्या तोंडावरून कळत होतं की त्यालाही दहा लाख कमी मिळाल्यासारखे वाटतायत. इतकं अचूक तिला नोकरीत क्वचितच जमलं होतं.

"सत्तर," ती म्हणाली.

ग्यूतेकने मान हलवली. सरपंचाने टाळी वाजवली, आतून तांदळाच्या दारूची बाटली आली, तीन वाट्या आल्या. ह्येरानने दूमानला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न झाडाचा विचारला. "आहे, त्यातच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ग्यूतेकने वाटी रिकामी केली, ओठ पुसले, आणि परसातल्या ओट्याकडे हनुवटीने खूण केली. तिथं सोयाबीनच्या मसाल्याचे मोठाले मातीचे रांजण ओळीने उभे होते.

"ते त्यात नाहीत," तो म्हणाला.

"कोण?"

"रांजण. माझ्या आईच्या हातचे. ते वेगळे."

त्याची बायको काहीतरी बोलायला पुढे आली. त्याने हाताने तिला थांबवलं. त्याचे डोळे चमकत होते.

ह्येरानने वाटी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि पाट त्याच्यासमोर ओढून घेतला.

"बोला. किती?"

"तीस लाख," ग्यूतेक म्हणाला. या खेपेला त्याने क्षणाचाही विचार केला नाही.